नागपुरात मोठ्या टँकसाठी सिक्लिडची निवड: पाणी, प्रौढ आकार आणि स्वभाव यांचा मेळ

सहा फुटी टँक घरात आला की त्यात कोणते मासे सोडायचे, हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो. सिक्लिड पाळायचे असतील, तर त्याच्याही आधी आपल्याकडे कोणते पाणी आहे, हे विचारायला हवे. सिक्लिड ही एक जात नसून सतराशेच्या आसपास जाती असलेले एक मोठे कुळ आहे. त्यातले मासे आफ्रिकेतील सरोवरांत, मध्य व दक्षिण अमेरिकेतील नद्यांत, मादागास्करमध्ये आणि आपल्या दक्षिण भारतातही आढळतात. गोव्याच्या खाड्यांतील कालुंदर हा याच कुळातला मासा आहे. इतक्या दूरदूरच्या पाण्यांतून आलेल्या माशांना केवळ ‘सिक्लिड’ या एका नावाखाली एकाच काचेत ठेवले, तर त्यातील काही जण मारले जातात, काही जण कोपऱ्यात दडून उपाशी राहतात आणि उरलेला एक मासा सगळ्या टँकचा मालक होतो. माझे ठाम मत आहे की, ही निवड दुकानात उभे राहून करण्याची नाही. ती घरी, वही आणि टेस्ट किट घेऊन करावी आणि दुकानात फक्त ठरवलेली यादी न्यावी.

पहिली पायरी: पाण्याची तपासणी

नागपुरात घरात येणारे पाणी ढोबळमानाने दोन प्रकारचे आहे. महापालिकेच्या नळाचे पाणी मुख्यतः पेंच प्रकल्पातून आणि कन्हान नदीतून येते. ते भूपृष्ठावरचे असल्यामुळे सामान्यतः बोअरच्या पाण्यापेक्षा कमी जड असते, पण त्यात क्लोरीन असते. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसते, मात्र क्षारांचे प्रमाण अधिक असते. शहराच्या पश्चिमेकडे दख्खनचा बेसाल्ट आणि पूर्वेकडे त्याहून कितीतरी पुरातन असा स्फटिकी खडक आहे, त्यामुळे एका वस्तीतील बोअरचे पाणी दुसऱ्या वस्तीतल्यासारखेच असेल, असे मुळीच गृहीत धरू नये. शेजारच्या वस्तीतील मित्राच्या टँकमध्ये जे मासे छान वाढले, ते आपल्याकडेही वाढतील, ही समजूत म्हणूनच धोक्याची आहे.

आरओ दुरुस्त करणाऱ्याकडे असतो तो टीडीएस मीटर इथे अपुरा पडतो, कारण तो विरघळलेल्या क्षारांचा एकूण आकडा सांगतो, पण ते क्षार कोणते आहेत हे सांगत नाही. आपल्याला चार गोष्टी मोजायच्या आहेत: पीएच, एकूण काठिण्य म्हणजे जीएच, कार्बोनेट काठिण्य म्हणजे केएच, आणि नायट्रेट. बोअरचे पाणी ताजे काढल्याबरोबर तपासल्यास त्यातील विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच खोटा, म्हणजे खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो. त्यासाठी एक बादली पाणी एअर पंप लावून चोवीस तास ठेवावे आणि मग मोजावे. नायट्रेटची तपासणी बहुतेक जण टाळतात, पण विदर्भातील अनेक ठिकाणच्या भूजलात नायट्रेटचे प्रमाण जास्त आढळते, ही गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने दर लिटरला ४५ मिलिग्रॅम ही मर्यादा घातली आहे. आपल्या बोअरचे पाणी मुळातच त्या आकड्याजवळ असेल, तर कितीही वेळा पाणी बदलले तरी टँकमधील नायट्रेट उतरणार नाही. अशा घरात टँकसाठी नळाचेच पाणी वापरावे.

आकडे हाती आले की निर्णय बराचसा आपोआप होतो. पीएच ८ च्या आसपास किंवा त्याहून वर आणि केएच आठ अंशांच्या पुढे असेल, तर मलावी सरोवरातील मासे किंवा मध्य अमेरिकेतील मासे निवडावेत. पीएच ७ ते ७.६ आणि काठिण्य मध्यम असेल, तर दक्षिण अमेरिकेतील मोठे सिक्लिड निवडावेत. दुकानात मिळणारे बहुतेक मासे पिढ्यान्‌पिढ्या मत्स्यशेतांत पैदा झालेले असल्यामुळे ते थोडाफार फरक सोसतात, हे खरे आहे. तरीही सहनशक्तीच्या टोकावर जगणारा मासा आजाराला लवकर बळी पडतो आणि अशा माशात खरा रंग उतरत नाही.

माशांना साजेसे पाणी घरी तयार करावे, असेही काही जण सुचवतात. लहान टँकसाठी ते शक्य आहे. सहाशे लिटरच्या टँकमध्ये मात्र दर आठवड्याला दोनशे लिटर पाणी बदलायचे असते आणि तेवढे आरओचे पाणी काढताना त्याच्या कितीतरी पट पाणी वाया जाते. उन्हाळ्यात जिथे वस्त्यांना टँकर मागवावे लागतात, त्या शहरात मला हा मार्ग योग्य वाटत नाही. पाणी आहे तसे ठेवून त्याला मानवणारे मासे निवडावेत.

दुसरी पायरी: टँकची खरी क्षमता

सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टँक म्हणजे चोवीस घनफूट. एका घनफुटात सुमारे २८.३ लिटर पाणी मावते, त्यामुळे कागदावर ६८० लिटर होतात. रेती, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली, तर प्रत्यक्षात साडेपाचशे ते सहाशे लिटर पाणी उरते आणि माशांचा हिशेब याच आकड्यावर करायचा असतो. चार फूट बाय दीड फूट बाय दीड फूट हा आपल्याकडे सर्रास ‘मोठा’ म्हणून विकला जाणारा टँक जेमतेम २५५ लिटरचा असतो. त्यात मलावीच्या लहान जाती नीट राहू शकतात, पण ऑस्करसारखे मोठे होणारे मासे त्यात ठेवू नयेत.

उंचीपेक्षा लांबी आणि रुंदी अधिक महत्त्वाची असते, कारण सिक्लिड आपला इलाका तळावर आखतात. अडीच फूट उंच पण जेमतेम सव्वा फूट रुंद टँक दिवाणखान्यात देखणा दिसतो. पण त्यात हरलेल्या माशाला वळून पळायलाही जागा नसते.

पाणी, काच, दगड आणि स्टँड मिळून अशा टँकचे वजन नऊशे किलो ते एक टन होते आणि ते सगळे वजन जेमतेम बारा चौरस फूट जागेवर येते. तळमजल्यावर याची फारशी काळजी नसते, पण वरच्या मजल्यावर टँक नेहमी भिंतीलगत आणि बीमच्या वर ठेवावा, तसेच ठेवण्याआधी स्थापत्य अभियंत्याला जागा दाखवावी. दोन फूट उंचीसाठी १२ मिलिमीटरची काच आणि वर घट्ट झाकण घ्यावे, कारण ऑस्कर आणि घाबरलेले मलावी मासे उडी मारतात.

फिल्टरच्या बाबतीत काटकसर करू नये. सिक्लिड भरपूर खातात आणि तितकीच घाण करतात. एवढ्या टँकसाठी खाली सम्प, म्हणजे फिल्टरची वेगळी टाकी, असणे सर्वांत चांगले, आणि पाणी ताशी किमान सहा वेळा फिरले पाहिजे, म्हणजे पंपाचा प्रत्यक्ष प्रवाह ताशी चार हजार लिटरच्या आसपास हवा. पंपाच्या खोक्यावर छापलेला आकडा पाणी वर चढवताना बराच कमी होतो, म्हणून पंप एक माप मोठाच घ्यावा.

तिसरी पायरी: एकच प्रदेश निवडणे

ही सगळ्यांत महत्त्वाची पायरी आहे. एका टँकमध्ये शक्यतो एकाच सरोवरातील किंवा एकाच भूभागातील मासे ठेवावेत, कारण त्यांचे पाणी, आहार आणि भांडण्याची रीत एकमेकांना जुळलेली असते.

मलावी हे आफ्रिकेतील मलावी, टांझानिया आणि मोझांबिक या देशांमधले सरोवर आहे. त्यात सिक्लिडच्या शेकडो जाती आहेत आणि पाण्याचा पीएच सुमारे ७.७ ते ८.६ असतो. इथल्या माशांचे पाळणाऱ्याच्या दृष्टीने दोन मोठे गट पडतात. खडकांवर राहणाऱ्या, दगडावरचे शेवाळ खरवडून खाणाऱ्या लहान माशांना म्बुना म्हणतात. इलेक्ट्रिक यलो, रस्टी, असेई, डेमासोनी, ऑराटस, केन्यी हे सगळे म्बुना. उघड्या पाण्यात आणि रेतीवर वावरणाऱ्या, किडे व लहान मासे खाणाऱ्या माशांमध्ये पीकॉक आणि हॅप येतात. म्बुनाचे आतडे लांब आणि वनस्पतिजन्य आहारासाठी घडलेले असते. त्यांना सतत ब्लडवर्म किंवा मांसाहारी खाद्य दिले, तर पोट फुगून मरण्याचा आजार होण्याची शक्यता वाढते. पाळणारे त्याला मलावी ब्लोट म्हणतात. पीकॉकला मात्र प्रथिनेच लागतात. शिवाय म्बुना दिवसभर धावपळ करणारे आणि आक्रमक असल्यामुळे शांत पीकॉक त्यांच्यासमोर रंग टाकून फिके पडतात. म्हणून एकाच सरोवरातले असले तरी हे दोन गट वेगळे ठेवावेत. इलेक्ट्रिक यलो हा मवाळ मासा तेवढा याला अपवाद आहे.

सहा फुटी टँकमध्ये म्बुना ठेवायचे असल्यास माझी पसंती इलेक्ट्रिक यलो, असेई आणि रस्टी या तीन जातींना आहे. प्रत्येकी आठ ते दहा मासे घ्यावेत. या तिन्ही जाती म्बुनांमध्ये मवाळ मानल्या जातात, प्रौढपणी साधारण दहा ते पंधरा सेंटिमीटर होतात आणि पिवळा, निळा-जांभळा व तपकिरी असे त्यांचे रंग एकमेकांपासून स्पष्ट वेगळे असतात. रंगांचा हा वेगळेपणा केवळ शोभेसाठी नाही. नर सिक्लिड आपल्यासारख्या दिसणाऱ्या नराला प्रतिस्पर्धी मानतो आणि आपल्या मादीसारख्या दिसणाऱ्या परजातीच्या मादीशी संकर करतो. सौलोसी या दुसऱ्या एका म्बुनाची मादी पिवळी असते, त्यामुळे सौलोसी हवे असतील तर इलेक्ट्रिक यलो वगळावेत. प्रत्येक जातीत एका नरामागे किमान तीन माद्या असाव्यात, म्हणजे नराचा पाठलाग एकाच मादीवर कोसळत नाही. म्बुनांच्या टँकमध्ये मासे थोडे दाट ठेवले तर भांडण विखुरले जाते, हा अनुभव जगभरच्या पाळणाऱ्यांचा आहे. मात्र तो नियम फक्त भक्कम फिल्टर आणि नियमित पाणीबदल असलेल्या टँकलाच लागू पडतो, तसेच तो इतर कोणत्याही गटाला लावू नये.

ऑराटस आणि केन्यी दिसायला अत्यंत सुंदर असतात, पण पहिल्या सिक्लिड टँकसाठी घेऊ नयेत. आपल्याकडे ‘मिक्स आफ्रिकन सिक्लिड’ या नावाने जी दोन इंची पिल्ले स्वस्तात मिळतात, त्यांत हे दोन्ही आणि त्यांचे संकर हमखास असतात. असा घोळ विकत घेतला की वर सांगितलेले सगळे नियोजन वाया जाते.

पीकॉक आणि हॅप यांचा टँक फक्त नरांचा करणे हा सर्वांत रंगीत आणि त्या मानाने शांत मार्ग आहे. मादी नसल्यामुळे लढण्याचे मोठे कारणच नाहीसे होते. सहा फुटी टँकमध्ये पंधरा-सोळा नर राहू शकतात; प्रत्येक जातीचा एकच नर घ्यावा आणि कोणतेही दोन मासे रंगाने सारखे दिसणार नाहीत हे पाहावे. सनशाइन पीकॉक, रूबी रेड, इलेक्ट्रिक ब्लू हॅप, रेड एम्प्रेस आणि ब्लू डॉल्फिन यांची संगत चांगली जमते. व्हीनस्टस पंचवीस सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि लिव्हिंगस्टोनी मेल्याचे सोंग घेऊन जवळ आलेला लहान मासा गिळतो, म्हणून हे दोघे फक्त मोठ्या सोबत्यांतच ठेवावेत. दोन इंचाचा पीकॉक पूर्ण रंगात दिसत असेल, तर त्याला हार्मोन दिले असण्याची शंका घ्यावी. पीकॉक नरात खरा रंग हळूहळू भरतो, आणि हार्मोन दिलेल्या माद्याही नरासारख्या दिसू शकतात.

पाणी मध्यम असेल, तर दक्षिण अमेरिकेतील जिओफॅगस हा मोठ्या टँकचा सर्वांत गुणी मासा आहे, असे मला वाटते. तो तोंडात रेती घेऊन कल्ल्यांतून गाळत दिवसभर तळ चाळत राहतो, आणि ते पाहणे ही या छंदातली खरी मेजवानी आहे. सहा जिओफॅगस, दोन सिव्हेरम आणि आठ सिल्व्हर डॉलर यांचा समूह सहा फुटी टँकमध्ये समाधानाने नांदतो. सिल्व्हर डॉलर सिक्लिड नाहीत. पण मध्यभागी थव्याने निर्धास्त पोहणारे मासे दिसले की सिक्लिडनाही धोका नसल्याची खात्री पटते आणि ते बाहेर वावरू लागतात. सिल्व्हर डॉलर आणि सिव्हेरम दोघेही झाडे खातात, त्यामुळे या टँकमध्ये लाकूड आणि रेतीवरच समाधान मानावे.

ऑस्करला लोक घरातल्या माणसासारखा जीव लावतात आणि तो मासा त्या योग्यतेचा आहे. तो तीस सेंटिमीटर होतो आणि दहा वर्षांहून अधिक जगतो. सहा फुटी टँकमध्ये दोनच ऑस्कर आणि सोबत पाच-सहा मोठे सिल्व्हर डॉलर, एवढीच वस्ती ठेवावी. त्याच्या तोंडात मावेल तो मासा त्याचे खाद्यच ठरतो. त्याला जिवंत गोल्डफिश खाऊ घालण्याची प्रथा मात्र सोडून द्यावी, कारण त्यातून रोग येतात आणि गोल्डफिशमधील थायमिनेज या घटकामुळे कालांतराने जीवनसत्त्व ब-१ ची कमतरता होते. चांगल्या पेलेट्स पुरेशा असतात.

मध्य अमेरिकेचे मासे जड पाण्यात चांगले राहतात, पण त्यांच्यात जोडी जमली की ती अर्धा टँक आपला मानते. फायरमाउथ त्यातल्या त्यात सौम्य असतो. तो गळ्याची लाल थैली फुगवून धमकावतो, पण क्वचितच इजा करतो. पाच-सहा फायरमाउथ आणि स्वोर्डटेलचा मोठा थवा ही जड पाण्यासाठी उत्तम संगत आहे. कन्व्हिक्टची जोडी जेमतेम दहा-बारा सेंटिमीटरची असूनही पिल्लांच्या रक्षणासाठी तिप्पट मोठ्या माशाला पळवते आणि वर्षातून अनेकदा पिल्ले देते, म्हणून मिश्र टँकमध्ये ती नकोच. जॅक डेम्प्सी आणि मूळचा दक्षिण अमेरिकेतला ग्रीन टेरर ठेवायचेच असतील, तर प्रत्येकी एकच ठेवावा. रेड डेव्हिल आणि जॅग्वार हे एकट्याने पाळायचे मासे आहेत.

आफ्रिकेतील टँगानिका सरोवराच्या पाण्याचा पीएच ९ च्या जवळ असतो. तिथला फ्रंटोसा तीस सेंटिमीटरच्या पुढे जाणारा, संथ आणि भारदस्त मासा आहे. तो सहा-सातच्या गटात, एका जातीचाच टँक करून ठेवावा. चपळ म्बुनांसोबत तो खाण्यात मागे पडतो.

संकरित माशांविषयी थोडक्यात सांगायचे तर, फ्लॉवरहॉर्न एकटाच ठेवावा. पॅरटचे तोंड पूर्ण मिटत नाही, त्यामुळे त्याला नीट चावता येत नाही आणि स्वतःचा बचावही करता येत नाही. तो सिव्हेरमसारख्या शांत माशांतच सुखी राहतो. डिस्कस संकरित नाही, पण त्याला २८ ते ३० अंश तापमान आणि मऊ, स्वच्छ पाणी लागते, म्हणून त्याचा टँक पूर्णपणे वेगळा असावा.

चौथी पायरी: संख्या प्रौढ आकारावर ठरवणे

दुकानात दिसतो तो मासा बहुधा दोन इंचाचा असतो. ऑस्करचे पाच सेंटिमीटरचे पिल्लू तीस सेंटिमीटर झाले की लांबी सहा पट होते, पण वजन जवळजवळ दोनशे पट होते, आणि फिल्टरवरचा भार लांबीपेक्षा वजनाच्या जवळपास वाढतो. ‘एका गॅलनला एक इंच’ हा जुना नियम म्हणूनच मोठ्या सिक्लिडना लागू पडत नाही. यादीतील प्रत्येक नावापुढे त्याची प्रौढ लांबी लिहावी आणि टँकची रुंदी सर्वांत मोठ्या माशाच्या लांबीच्या किमान दुप्पट आहे का, ते पाहावे. ‘लहान आहे तोवर ठेवू, पुढे मोठा टँक घेऊ’ या विचाराने मासा आणू नये.

तळ साफ करील या आशेने सकर मासा आणण्याची सवयही इथेच थांबवावी. दुकानात सकर म्हणून मिळणारा प्लेको चाळीस सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि स्वतःच भरपूर घाण करतो. शेवाळ खाणारा मासा हवाच असेल, तर बारा-पंधरा सेंटिमीटरवर थांबणारा ब्रिसलनोज घ्यावा.

पाचवी पायरी: मांडणी आणि टँक पिकवणे

सिक्लिड रेती उकरतात आणि उकरता उकरता दगडाखालचा आधार काढून टाकतात. यासाठी मोठे दगड आधी थेट तळावर, काचेवर पातळ थर्माकोल किंवा फोम घालून, पक्के बसवावेत आणि मग भोवती रेती पसरावी. आपल्याकडचा काळा बेसाल्ट या कामासाठी उत्तम आहे. रेती किंवा दगडावर व्हिनेगर टाकून फेस आला, तर त्यात चुना आहे असे समजावे. तो मलावीच्या टँकला चालतो, जिओफॅगसच्या टँकला नको. बांधकामाची रेती वापरायची असल्यास बारीक चाळून, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावी, कारण टोकदार कण जिओफॅगसच्या कल्ल्यांना इजा करतात.

म्बुनांसाठी दगडांचे ढीग पाण्याच्या वरच्या थरापर्यंत रचावेत आणि मासे कपारींची संख्या सहज ओलांडणार नाहीत इतक्या कपारी ठेवाव्यात. पीकॉक आणि जिओफॅगस यांना उलट मोकळी रेती लागते. कोणत्याही टँकमध्ये एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत थेट नजर जाणार नाही अशी मांडणी करावी. पाठलाग करणाऱ्याला समोरचा मासा दिसेनासा झाला की तो बहुधा परत फिरतो.

मासे आणण्याआधी टँक पिकवावा, म्हणजे फिल्टरमध्ये जिवाणू वाढू द्यावेत, आणि त्यासाठी चार ते सहा आठवडे द्यावे लागतात. माशांच्या मलमूत्रातून निघणाऱ्या अमोनियाचे हे जिवाणू आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. मलावीच्या टँकमध्ये हा टप्पा अधिकच जपावा लागतो, कारण अमोनियाचा विषारी भाग पीएचबरोबर झपाट्याने वाढतो: २५ अंश तापमानाला पीएच ७ असताना तो अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो, पण पीएच ८.५ असताना सुमारे पंधरा टक्के होतो. म्हणजे जो अमोनिया ऑस्करच्या टँकमध्ये खपून जातो, तोच म्बुनांना मारू शकतो. ओळखीच्या आणि निरोगी टँकमधील फिल्टरचा थोडा भाग मिळाला, तर वेळ बराच वाचतो. अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य दाखवू लागले की टँक तयार झाला असे समजावे.

सहावी पायरी: मासे सोडण्याचा क्रम

नवे मासे आधी दोन-अडीच फुटांच्या वेगळ्या टँकमध्ये तीन आठवडे ठेवावेत. आपल्याकडे येणारे बरेचसे मासे कोलकाता, चेन्नई किंवा मुंबईहून लांबचा प्रवास करून आलेले असतात आणि त्यांच्यातला आजार पहिल्या दोन आठवड्यांत बाहेर पडतो. एप्रिल-मे महिन्यांत दुकानातून घरापर्यंतची पिशवीसुद्धा थर्माकोलच्या खोक्यातून आणावी.

एकत्र सोडताना मवाळ मासे आधी आणि आक्रमक मासे सर्वांत शेवटी सोडावेत, म्हणजे आक्रमक माशाला आयता मोकळा इलाका मिळत नाही. म्बुना मात्र शक्य असल्यास सारख्या आकाराचे आणि एकाच दिवशी सोडावेत. पुढे कधी नवा मासा टाकायचा झाला, तर आधी दगडांची मांडणी बदलावी, सगळ्यांना थोडे खाऊ घालावे, दिवा बंद करावा आणि मगच तो सोडावा. मांडणी बदलल्यावर जुन्या माशांच्याही हद्दी पुसल्या जातात आणि नव्याकडे पाहायला त्यांना सवड राहत नाही.

नागपूरच्या ऋतूंप्रमाणे घ्यावयाची काळजी

मे महिन्यात पारा पंचेचाळिशीपर्यंत जातो आणि नवतपात तर बंद खोलीतले पाणीही ३३-३४ अंशांवर चढते. सिक्लिड एवढ्या उष्णतेने लगेच मरत नाहीत. घातक ठरतो तो प्राणवायूचा अभाव. २५ अंशांच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३५ अंशांना तो सातच्या खाली जातो, आणि नेमकी त्याच वेळी माशांची गरज वाढलेली असते. त्यात वीज गेली की दाट वस्तीचा टँक काही तासांत संकटात येतो. एअर पंप आणि सम्पचा पंप इन्व्हर्टरवर घ्यावा, तसेच बॅटरीवर चालणारा एक एअर पंप हाताशी ठेवावा. उन्हाळ्यात खाद्य कमी करावे.

झाकण थोडे उघडून, त्यावर जाळी लावून, पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा सोडला तर कोरड्या हवेत बाष्पीभवनामुळे तापमान दोन ते चार अंशांनी उतरते. आपला कूलर ज्या तत्त्वावर चालतो तेच हे तत्त्व आहे. त्यामुळे मृगाच्या सरी येऊन हवा दमट झाली की त्याचा उपयोग फारसा उरत नाही, पण तोवर बाहेरचा पाराही उतरलेला असतो. बाष्पीभवनात फक्त पाणी उडते आणि क्षार मागे राहतात. उडालेल्या पाण्याची भर रोज बोअरच्या पाण्याने घातली, तर महिन्याभरात काठिण्य बरेच वाढते. ही रोजची भर आरओच्या पाण्याने घालावी. ते थोडेच लागते, म्हणून इथे ते परवडते.

पाणी दर आठवड्याला तीस ते चाळीस टक्के बदलावे. उन्हाळ्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी दुपारी हात पोळेल इतके तापते, त्यामुळे हे काम भल्या सकाळी करावे. डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान कधीकधी दहा अंशांच्या खाली जाते आणि तीच टाकी सकाळी गारठलेली असते. तेव्हा पाणी दुपारी बदलावे. हिवाळ्यासाठी तीनशे वॅटचे दोन हीटर टँकच्या दोन टोकांना लावावेत, म्हणजे एक बिघडला तरी पाणी एकदम गार पडत नाही आणि एक चालूच राहिला तरी मासे शिजत नाहीत. नळाच्या पाण्यातील क्लोरीन घालवण्यासाठी अँटीक्लोरीन ठरलेल्या मात्रेत वापरावे.

सातवी पायरी: निरीक्षण आणि वेळीच वेगळे करणे

निवड कितीही अभ्यासाने केली तरी प्रत्येक माशाचा स्वभाव वेगळा असतो. पहिले तीन महिने रोज खाऊ घालताना पाच मिनिटे टँकसमोर बसून मासे मोजावेत. वरच्या कोपऱ्यात किंवा हीटरमागे तिरपा उभा राहणारा, खाण्याला न येणारा, रंग उतरलेला किंवा शेपटी फाटलेला मासा दिसला, तर तो मार खातो आहे हे नक्की समजावे. सहसा लोक मार खाणाऱ्याला बाहेर काढतात, पण मग मारणारा दुसरा बळी शोधतो. काढायचे ते मारणाऱ्याला. त्याला दोन आठवडे वेगळ्या टँकमध्ये ठेवावे, दरम्यान मुख्य टँकमधील दगड हलवावेत आणि मग त्याला परत सोडावे. आता तो स्वतःच नवखा असतो. दोनदा असे करूनही तो सुधारला नाही, तर तो मासा त्या टँकचा नाही.

असा मासा, किंवा म्बुनांची वाढलेली पिल्ले, कुठे द्यायची हे खरेदीपूर्वीच ठरवावे. मादी म्बुना सुमारे तीन आठवडे अंडी-पिल्ले तोंडात सांभाळते आणि सुखावलेल्या टँकमध्ये हे सतत घडत राहते. अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा किंवा कन्हानमध्ये कोणताही मासा कधीही सोडू नये. १९५२ साली भारतात आणलेला मोझांबिक तिलापिया हाही सिक्लिडच आहे, आणि त्याने देशभरच्या तलावांत स्थानिक माशांची जागा कशी बळकावली हे आपण पाहतो आहोत. दुकानातला सकर मासाही आज अनेक ठिकाणच्या नद्या-तलावांत पसरला आहे. वाढलेला मासा परत घेण्याची तयारी असलेल्या दुकानदाराकडूनच मासे घ्यावेत, हे बोलणे पहिल्याच खरेदीच्या वेळी करून ठेवावे, आणि तशी सोय नसेल तर यादीतून भरभर पैदास होणाऱ्या जाती वगळून फक्त नर पीकॉकचा टँक करावा.